राणीला पडू द्या

तैवानच्या उत्तर किनाऱ्यावर एक दगड आहे. त्याची मान दरवर्षी थोडी थोडी बारीक होते आहे आणि एक दिवस तो पडणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याला पडू द्यावं.

हे मी तैपेईतल्या आमच्या लॅबमध्ये डबा खाताना बोलले, तेव्हा समोरची मुलगी चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाली, "तुमचा ताजमहाल पडायला आला असता तर असं म्हणाली असतीस का?" प्रश्न रास्त होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देते आहे, जरा सविस्तर.

आधी दगडाची ओळख करून देते. जागेचं नाव येलिऊ. तैपेईहून १८१५ नंबरच्या बसमध्ये बसायचं, दीडेक तासात समुद्र दिसायला लागतो आणि एका कोळ्यांच्या गावात आपण उतरतो. तिथून एक चिंचोळं भूशिर समुद्रात शिरलेलं आहे, सुमारे १.७ किलोमीटर लांब. त्यावर शेकडो दगडी अळंबी उभी आहेत. खाली बारीक देठ, वर जाडजूड, भोकाभोकांची टोपी. काही माझ्या कमरेएवढी, काही दोन माणसांच्या उंचीची. त्यातल्या एका अळंबीला एका विशिष्ट कोनातून पाहिलं, की उंच अंबाडा घातलेल्या, हनुवटी वर केलेल्या बाईचा चेहरा दिसतो. लोकांना त्यात इंग्लंडची पहिली एलिझाबेथ दिसली. म्हणून ती राणी. तैवानच्या पर्यटनाच्या पोस्टरवर, फ्रिजला लावायच्या चुंबकांवर, शाळेच्या सहलींच्या फोटोंमध्ये, सगळीकडे ती असते. तिच्या मानेचा घेर आता सुमारे १२० सेंटीमीटर उरला आहे आणि वर्षाला एक-दीड सेंटीमीटर झिजतो आहे, असं मोजमाप करणारे सांगतात.

मी तिच्यासमोर पन्नास मिनिटं रांगेत उभी राहिले आहे. फोटो चांगला आला. ते आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सगळं कुठल्याशा उंच जागेवरून बोलते आहे असं वाटायला नको.

*

बाबा मार्चमध्ये आले होते. त्यांचा पहिलाच परदेश प्रवास. आमचं घर श्रीवर्धनचं, घरामागे पोफळीची वाडी. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना नाही त्यांनी आपल्या आजीला विचारावं. वाडी सोडून बाबा चार दिवस पुण्यालाही राहत नाहीत, आणि इथे तर पंधरा दिवसांसाठी आले. त्यामुळे मी प्रत्येक दिवसाचा तक्ता करून ठेवला होता. चौथा दिवस: येलिऊ. त्याच्यापुढे कंसात लिहिलं होतं, "राणी पडायच्या आत."

उत्तर तैवानात हिवाळ्यापासून ईशान्येचे वारे पाऊस आणतात आणि मार्चमध्येही भुरभुर संपलेली नसते. बाबांना याचं फार नवल. "आपल्याकडे पाऊस समुद्राकडून येतो तो जूनमध्ये. यांचा थंडीत येतो, आणि तोही उलट्या दिशेने." बसच्या खिडकीतून त्यांना एका डोंगरउतारावर पोफळी दिसल्या तेव्हा ते जवळजवळ उभे राहिले. इथेही सुपारी आहे, लोक इथेही ती खातात, हिरवी, कोवळी, चुन्याबरोबर. पुढचा अर्धा तास ते फक्त त्यावर बोलत होते. मी मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा पाहत होते, कारण गर्दी कधी कमी असते ते मला शोधायचं होतं.

आत गेल्यावर मी त्यांना सरळ रांगेकडे नेलं. रांग वळणावळणाने मागे गेली होती. रांगेच्या टोकाला एक जागा, तिथे उभं राहिलं की कोन बरोबर जमतो. प्रत्येकाला काही सेकंद. पुढचा माणूस हटला की मागचा तिथे. बाबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हे सगळे कशासाठी उभे आहेत?"

"त्या दगडासोबत फोटो काढायला."

"दगड तर इथूनही दिसतोय."

"इथून राणी दिसत नाही, बाबा. तिथूनच दिसते."

ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग तू उभी राहा. मी जरा फिरतो."

मी चिडले. ते फिरत गेले. पन्नास मिनिटांनी फोटो मिळाला आणि मग वीस मिनिटं मी बापाला शोधत होते. लाल रेघेपलीकडे गेले असतील, पाय घसरला असेल, काय काय डोक्यात आलं. सापडले तेव्हा ते उकिडवे बसून जमिनीकडे बघत होते. खडकात चपट्या गोल जीवांचे ठसे होते, पाच पाकळ्यांच्या फुलासारखी नक्षी असलेले. सँड डॉलर म्हणतात त्यांना, समुद्रतळाशी राहणारा जीव. वाळू दगड झाली तेव्हा तोही दगड झाला. मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी शांतपणे विचारलं, "झाला का फोटो?"

*

आता त्या जागेत नक्की काय चाललं आहे, ते सांगते. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. घरी येऊन वाचलं.

येलिऊचा दगड म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू. आपला सह्याद्रीचा दगड लाव्हाचा, काळा आणि हट्टी. हा वाळूचा, पिवळट आणि मऊ. फिलिपिन समुद्राची प्लेट युरेशियाच्या प्लेटला ढकलते आहे, त्या रेट्यात तैवान बेट वर उचललं गेलं, अजूनही उचललं जातं आहे. त्या रेट्यात खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांमधून समुद्र आत शिरला आणि त्याने पाटवड्या कापाव्यात तसे खडकाचे चौकोन कापले. वरच्या थरात चुन्याने घट्ट झालेल्या गाठी आहेत, तो थर लवकर झिजत नाही. खालचा मऊ थर झिजतो. लाटा, खारं पाणी, वारा, पाऊस, ऊन सगळे मिळून खालचं खातात आणि वर टोपी राहते. झालं अळंबं.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. येलिऊत ही प्रक्रिया एकाच वेळी सगळ्या वयांत दिसते. किनाऱ्याच्या एका पट्ट्यात नुसत्या बिनमानेच्या गाठी आहेत, अजून जमिनीला चिकटलेल्या. पुढे जाड मानेचे दगड. त्यांच्यापुढे बारीक मानेचे. आणि मधूनमधून नुसते खुंट, ज्यांची डोकी कधीच पडून गेली. जन्म, तारुण्य, म्हातारपण, मरण, सगळं तिकिटाच्या एकाच पैशात. बाबांनी हे न वाचता ओळखलं होतं. परतताना ते म्हणाले, "ही रोपवाटिका आहे गं. लहान रोपं इकडे, मोठी तिकडे, मेलेली काढली नाहीयेत एवढंच."

आणि आपण या सगळ्याकडे पाठ करून एका दगडासमोर रांग लावतो, कारण तो माणसासारखा दिसतो.

नावं देण्याला माझी हरकत नाही. आपल्याकडे प्रत्येक डोंगरात भीमाचं पाऊल आणि पांडवांची चूल असतेच. येलिऊतही परीचा बूट आहे, मेणबत्त्या आहेत, आलं आहे, टोफू आहे. नाव हे दार असतं, त्यातून आत जाता येतं. हरकत आहे ती दारातच उभं राहून फोटो काढून परत फिरण्याला.

राणीबद्दलची सगळ्यात मजेची गोष्ट तर रांगेतल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. ही राणी प्राचीन नाही. दगड काही हजार वर्षांचा असेल, पण हा चेहरा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. तेव्हा त्या अळंब्याच्या टोपीचा वरचा एक तुकडा तुटून पडला आणि उरलेल्या भागात बाईचा चेहरा दिसू लागला. म्हणजे जी झीज थांबवा म्हणून आपण हळहळतो, त्याच झिजेने ही राणी घडवली. तो तुकडा पडायच्या आधी कुणी "वाचवा" म्हणून डिंक लावला असता, तर आज राणीच नसती.

*

आता डिंकाविषयी. मी गंमत करत नाहीये.

राणीची मान वाचवावी का, यावर तैवानमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला आहे. दगड घट्ट करणारं रसायन चोळून पाहण्याचे प्रयोग झाले, राणीवर नव्हे, तिथल्याच दुसऱ्या दगडांवर. दरम्यान प्रवेशद्वाराजवळ राणीची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली. शिवाय 'खट्याळ राजकन्या' नावाचा दुसरा दगड वारस म्हणून पुढे आणला गेला आहे. म्हणजे गादी रिकामी राहायला नको.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हाच खेळ शेवटपर्यंत खेळून झाला आहे. तिथे एका कड्यावर म्हाताऱ्याचा चेहरा दिसायचा. 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन'. राज्याचं चिन्ह तो, नाण्यावर तो, रस्त्यांच्या पाट्यांवर तो. विसाव्या शतकात त्याला साखळ्या बांधल्या, लोखंडी सळ्या ठोकल्या, भेगांमध्ये सिमेंट आणि इपॉक्सी भरलं. माणसं वर्षानुवर्षं दोरांवरून खाली उतरून त्याची मलमपट्टी करत राहिली. ३ मे २००३ रोजी तो पडला. प्लास्टिकचा नवा चेहरा बसवावा अशा सूचना आल्या, त्या मान्य झाल्या नाहीत. त्याऐवजी खाली तळ्याकाठी पोलादी खांब उभारले. एका ठरावीक जागी उभं राहून खांबाच्या टोकाकडे पाहिलं, की खांबावरचे उंचवटे मागच्या कड्याला जुळतात आणि म्हातारा परत दिसतो.

मला हे स्मारक फार प्रामाणिक वाटतं. चेहरा कुठे होता, हे ते सांगून टाकतं. चेहरा पाहणाऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेत होता. दगडात नुसता दगड होता.

*

"पडायच्या आत बघून या" ही जी यादी असते ना, 'नाहीशा होण्याआधी पाहाव्यात अशा दहा जागा', ती माझ्याही इन्स्टावर सेव्ह होती. त्यात हिमनद्या असतात, प्रवाळ असतं, मालदीव असतं, राणी असते. ही यादी दिसायला हळवी आहे. मला ती आता हावरी वाटते. मरणाऱ्याला भेटायला जावं आणि भेटण्याऐवजी आपण भेटलो याचा पुरावा घेऊन यावं, असं काहीसं तिचं स्वरूप आहे. माझ्या तक्त्यातला तो कंस, "राणी पडायच्या आत", हा तसाच होता. मला राणीबद्दल काहीच माहीत नव्हतं. मला फक्त उशीर व्हायला नको होता.

८ मार्च २०१७ रोजी माल्टाच्या गोझो बेटावरची दगडी कमान, 'अझ्युअर विंडो', वादळात कोसळली. १७ मे २०२१ रोजी गॅलापागोसमधली 'डार्विन्स आर्च' कोसळली, तिचे दोन खांब उरले. येलिऊच्याच किनाऱ्यावर, किलुंग शहराच्या पलीकडे एक सोंड लावलेला हत्ती होता. १६ डिसेंबर २०२३ला त्याची सोंड समुद्रात गेली. प्रत्येक वेळी तेच झालं. लोकांनी आपले जुने फोटो टाकले. "मी २०१५ला गेलो होतो." "बरं झालं, आम्ही मागच्याच वर्षी जाऊन आलो." दुःखापेक्षा सुटकेचा सूर जास्त. आपण वेळेत पोचलो होतो, याची सुटका.

मी सेल्फीविरोधी नाही. तरुण पोरं फोटो काढतात म्हणून नाकं मुरडणारी मंडळी मला जास्त कंटाळवाणी वाटतात. येलिऊच माहीत झालं ते एका फोटोग्राफरमुळे. मार्शल लॉच्या काळात तैवानचे किनारे लष्कराच्या नजरेखाली होते, तिथे सहज फिरता येत नव्हतं. ह्वांग त्झे-श्यू नावाच्या फोटोग्राफरने या दगडांचे फोटो काढले आणि १९६२ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्याने त्या जागेला 'विसरलेलं नंदनवन' म्हटलं. त्या फोटोंनी लोकांना तिथे खेचून आणलं. फोटोने जागा दाखवली, हे फोटोचं काम आहे. पण ह्वांगकडे ठरलेला कोन नव्हता. तो कुठे उभं राहायचं ते शोधत फिरला. आपल्याला ती जागा आखून दिलेली आहे आणि आपण तीवर पाय ठेवून शोधल्याचा आव आणतो.

*

राणीपासून फार लांब नाही, अशा जागी एका माणसाचा पुतळा आहे. मी त्याच्याजवळून गेले आणि थांबले नाही. बाबा थांबले. "हा कोण? राजा का?"

राजा नव्हे. तो लिन थिएन-चेन. त्याच गावचा कोळी. मार्च १९६४ मध्ये सहलीला आलेला एक विद्यार्थी खडकावरून समुद्रात पडला. लिनने मागेपुढे न पाहता त्याच्यासाठी उडी मारली. दोघंही परतले नाहीत. आज खडकावर समुद्राच्या बाजूला लाल रेघ मारलेली आहे, तिच्यापलीकडे जाऊ नका असं सगळीकडे लिहिलेलं आहे. त्या रेघेचा अर्थ या पुतळ्याशी उभं राहिलं की कळतो.

मी मोबाइलवर पाटीचं भाषांतर करून वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत. आम्ही दोघंही एकाच गोष्टीचा विचार करत होतो. श्रीवर्धनपासून हरिहरेश्वर जवळ. तिथे देवळामागे खडकावरून प्रदक्षिणेची वाट आहे. ओहोटीला जायचं, भरतीला नाही. काळ्या खडकात लाटांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. येलिऊच्या टोप्यांवर जी भोकं आहेत, त्यांचीच काळी बहीण. त्या वाटेवर पाट्या आहेत आणि तरी लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाहेरून आलेला कुणी लाटेच्या जवळ जायचा आणि गावातला कुणी त्याच्यासाठी धावायचा.

त्या पुतळ्यासमोर रांग नव्हती. त्या भूशिरावर जपून ठेवण्यासाठी म्हणून माणसांनी घडवलेलं जर काही असेल, तर ते तेच होतं.

*

आता त्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. ताजमहाल पडत असता तर?

तर मी म्हणाले असते, दुरुस्त करा. ताजमहाल माणसांनी, अमुक एका हेतूने, टिकावा म्हणून बांधला. त्याची डागडुजी हा त्याच्या बांधण्याचाच पुढचा भाग आहे. आपल्या किल्ल्यांच्या ढासळणाऱ्या बुरुजांबद्दलही हेच. राणीला कुणी बांधलं नाही. तिच्या असण्यात तिचं झिजणं आधीपासून धरलेलं आहे. मानेला रसायन चोळून तिला थांबवलं, की ती खडक राहत नाही, पेंढा भरलेला वाघ होते. वाघ दिसतो, पण कशाचीच शिकार करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. "ही झीज आता निव्वळ निसर्गाची राहिली आहे का? समुद्राची पातळी वाढते आहे, वादळं बदलत आहेत, वर्षाला लाखो माणसं त्या खडकावर चालतात." खरं आहे. यावर माझं उत्तर असं, की जो हात आपला आहे तो मागे घ्यावा. दोरी लावा. हात लावणाऱ्याला दंड करा. माणसांची संख्या कमी करा, रेघ आणखी मागे घ्या, गरज पडली तर तिच्याजवळ जाणंच बंद करा. धूर कमी करण्याची लढाई लढा, ती कुठल्याही दगडापेक्षा मोठी आहे. पण आपला हात मागे घेणं वेगळं आणि समुद्राचा हात धरून ठेवणं वेगळं. पहिलं न करता दुसरं करायला जाणं, हे मला सोयीचं ढोंग वाटतं. त्यात रांग तशीच राहते.

तिसरा आक्षेप पोटाचा. त्या गावातली हॉटेलं, सुकी मासळी विकणाऱ्या बायका, बस, मार्गदर्शक, सगळे राणीवर जगतात. मी पर्यटनाच्या गावची आहे, हा आक्षेप मला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात श्रीवर्धनमध्ये खोल्या भरल्या नाहीत तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. पण म्हणूनच सांगते. एका दगडाच्या मानेवर गावाचं पोट टांगून ठेवणं हा धोका आहे, आणि तो दरवर्षी सेंटीमीटरने वाढतो आहे. गावाला वाचवायचं असेल तर लोकांना आजपासूनच बाकीचे शेकडो दगड, ते सँड डॉलर, तो कोळी, ती मासळी दाखवायला हवी. राणी पडल्यावर नव्हे.

*

हे सगळं मला कुठून कळलं, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. मी तैवानमध्ये होते, विमानं बंद होती. दोन दिवस घरचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी चुलतभावाने वाडीचा व्हिडिओ पाठवला. पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, कुणी काडेपेटी उपडी करावी तशा. त्यातल्या काही माझ्या पणजोबांच्या हातच्या होत्या असं घरात सांगायचे.

मी फोनवर बाबांना म्हटलं, ज्या अर्ध्या कलल्या आहेत त्या वाचवा. बांबूचे टेकू लावा, दोर बांधा. इंटरनेटवर वाचून मी त्यांना लिंकसुद्धा पाठवल्या. त्यांनी माझं ऐकलं. माणसं मिळत नव्हती, तरी त्यांनी बारा झाडांना टेकू दिले. पुढच्या वर्षापर्यंत त्यातली दहा वाळली.

येलिऊहून परतताना बसमध्ये मी त्यांना सांगितलं की राणीची मान वाचवायचे प्रयत्न चालले आहेत. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तुझ्या त्या टेकूंत माझा एक पावसाळा गेला." आवाजात तक्रार नव्हती. "त्या पावसाळ्यात रोपं लावली असती तर आज वर्षभराने मोठी असती. मी तुला तेव्हा बोललो नाही. तू लांब होतीस, तुला काहीतरी करायचं होतं."

मला काहीतरी करायचं होतं. झाडांसाठी नव्हे, माझ्यासाठी. माझ्या डोक्यात त्या वाडीचा एक फोटो होता, लहानपणीचा, आणि तो हलू नये असं मला वाटत होतं. दहा झाडं वाळली याचं दुःख आहेच, पण माझ्या हट्टापायी बाबांचा एक पावसाळा गेला हे मला चार वर्षांनी, एका परक्या बेटावरच्या बसमध्ये कळलं. "वाचवा, वाचवा" असं लांबून ओरडणं किती स्वस्त असतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते मला त्या दिवसानंतर विसरता आलेलं नाही.

म्हणून मी म्हणते, राणीला पडू द्या. ती पडेल तेव्हा तिचा खुंट उरेल, तो बघायला जा. त्याच्या शेजारी जाड मानेचे दगड असतील, त्यांची मान बारीक होत असेल. त्यातल्या एखाद्याचा तुकडा पडेल आणि कुणाला त्यात आणखी काही दिसेल. नाही दिसलं तरी बिघडत नाही.

आणि त्याआधी जाणार असाल तर रांगेची वेळ वाचवा. सरळ पुढे चालत जा. जमिनीकडे बघा. पुतळ्याजवळ थांबून लिन थिएन-चेनचं नाव वाचा. लाल रेघेच्या अलीकडे राहा. सोबत आईवडील असतील तर त्यांना कुठे फिरायचं आहे ते विचारा.

माझ्या मोबाइलमध्ये राणीचे चौदा फोटो आहेत. बाबांचा त्या दिवसाचा एकच आहे, तोही मी रागात असताना काढलेला. ते उकिडवे बसले आहेत, तोंड दिसत नाही, बोट खडकावर टेकलेलं आहे. जवळ मोठं करून पाहिलं तर बोटाशेजारी ते पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. वाडीतली नवी रोपं अजून धरलेली नाहीत. पोफळीला वेळ लागतो.